घरची यादी आणि पेढीची यादी

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक विलक्षण प्रकार घडला. थोरल्या बंधूंना सकाळीं डॉक्टरांस फोन करावयाचा होता, तो लागेना. वहिनींनीं आपल्या फोनवरून प्रयत्न केला, तोहि मुका. सूनबाईचा तसाच, आणि धाकटा पुतण्या धंद्यासाठीं वापरतो तोहि तसाच. बाहेरचे फोन येत होते, पण घरांतून बाहेर शब्द जात नव्हता. माझा जुना फोन तेवढा माझ्या स्वतःच्या नांवावर असल्यामुळें चालू राहिला, आणि पंधरा दिवस घरांतील लहानथोरांना माझ्या खोलीची एकाएकीं ओढ लागली. चौकशीअंतीं कळलें तें असें कीं, हें मौन आमच्यावर नियमानें लादलेलें असून त्याला कारण आमचे आम्हीच आहों. त्या दिवसांत जें शिकावयास मिळालें तें या खेपेस वाचकांपुढें मांडतों. यांत माझाहि अपराध आहे. तो लपविण्यांत अर्थ नाहीं.

आमच्या या पुतण्यानें यंत्रशास्त्राची पदविका घेऊन चार वर्षें दुसऱ्याकडे नोकरी केली आणि गेल्या वर्षीं पाणी शुद्ध करण्याचीं यंत्रें जुळवून विकण्याचा स्वतःचा धंदा मांडला. स्वयंपाकघरांत ओट्यावर टांगतात तें लहान यंत्र नव्हे. तासाला ५०० लिटर पाणी देणारें, वसतिगृहें, कारखाने, मंगल कार्यालयें यांना लागणारें. किंमत लाख-दीड लाखाच्या घरांत. यंत्र चांगलें आहे. पण तें चांगलें आहे हें कोणाला सांगावयाचें, हा प्रश्न होता. तेवढ्यांत एका इसमानें बारा हजार ‘खात्रीच्या गिऱ्हाइकांची’ यादी अडतीस हजार रुपयांस देऊं केली. पैसे वहिनींनीं आपल्या मुदतीच्या ठेवींतून काढून दिले. संदेशाचा मजकूर मीं लिहिला. आईची काळजी, मुलांचें आरोग्य, जल आणि जीवन, असें सर्व त्यांत मीं गुंफलें होतें, आणि खरें सांगावयाचें तर मला तें फार साधलें आहे असें वाटलें होतें.

घरांतील चारहि फोन कामास लावून पुतण्यानें तीन आठवडे संदेश पाठविले. जवळजवळ आठ हजार गेले. उत्तरें किती आलीं? नऊ. त्यांपैकीं सहाजणांना ओट्यावरचें लहान यंत्र हवें होतें, जें आमच्याकडे नाहीं. एका गृहस्थांनीं माझ्या मजकुरांतील एक समास चुकल्याचें कळविलें; आणि तो खरोखरच चुकला होता. कामाच्या चौकशा उरल्या दोन. बाकीच्यांपैकीं कित्येकांनीं उत्तर देण्याऐवजीं तक्रार केली.

आणि तक्रारीचा परिणाम काय होतो, हें आम्हांपैकीं कोणासहि ठाऊक नव्हतें. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें यासंबंधीं २०१८ सालीं नियम केले व फेब्रुवारी २०२५ मध्यें ते अधिक कडक केले. विक्रीचे संदेश व फोन साध्या दहा आंकडी क्रमांकावरून करावयाचे नाहींत. पाठविणारानें आपली नोंद करावी लागते, आणि विक्रीच्या फोनांसाठीं १४० नें आरंभ होणारे क्रमांक राखलेले आहेत. नको असलेला संदेश आल्यास सात दिवसांत तक्रार करतां येते. दहा दिवसांत पांच तक्रारी आल्या कीं कारवाई सुरू होते. पहिल्या अपराधास त्या पाठविणाराच्या नांवावरील सर्व फोनांची बाहेर जाणारी सेवा पंधरा दिवस बंद. पुन्हां घडल्यास वर्षभर सर्वच तोडावयाचें. आतां आमच्याकडे चारहि फोन थोरल्या बंधूंच्या नांवावर! घरांतील कारभाऱ्याच्या नांवावर सर्व घ्यावयाचें, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. संदेश पुतण्यानें पाठविले, मजकूर माझा, पैसे वहिनींचे, आणि मौन पाळावें लागलें त्या बिचाऱ्या बंधूंना, ज्यांना या प्रकाराची वार्ताहि नव्हती. त्या दिवशीं जेवतांना पंक्तींत कोणी फारसें बोललें नाहीं.

रविवारीं दुपारीं ती यादी आम्ही माजघरांत पसरली. पुतण्यानें तिचे कागद छापून आणले होते. बसल्याबसल्या मी एक पान चाळलें, तों तेथें माझेंच नांव! हुद्दा ‘खरेदी-निर्णयकर्ता’, संस्था म्हणजे ज्या शाळेंत मीं संस्कृत शिकविलें ती. शाळेचें भांडार मी कांहीं वर्षें सांभाळीत असें हें खरें, परंतु मला निवृत्त होऊन सात वर्षें झालीं. आणखी शें-दीडशें पानें उलटलीं, तों पुन्हां मी! या ठिकाणीं हुद्दा नव्हता. ‘ज्येष्ठ नागरिक, आवड : तीर्थयात्रा, श्रवणयंत्रें’ असा शेरा होता. तीर्थयात्रेचें ठीक आहे. श्रवणयंत्र मात्र बंधूंना लागतें. त्याचें बिल एकदा माझ्या नांवें झालें होतें. पुतण्या हंसूं लागला. मी मात्र विचारांत पडलों. एकाच बाडांत माझे दोन जन्म नोंदलेले होते, आणि दोन्हीं ठिकाणीं माझ्याकडून पाणीयंत्राची खरेदी होण्याचा संभव शून्य होता.

त्या दोन नोंदी पाहूनच मला या विषयाची गांठ सांपडली. पहिली नोंद माझ्याविषयीं नव्हतीच. ती भांडाराच्या खुर्चीविषयीं होती, आणि त्या खुर्चीवर एके काळीं मी बसत होतों इतकेंच. दुसरी नोंद माझ्याविषयीं, म्हणजे आमच्या घराविषयीं होती. पहिलीला व्यापारी भाषेंत पेढ्यांची माहिती म्हणावें, दुसरीला ग्राहकांची. दोन्हींत नांव, पत्ता, फोन हे रकाने सारखे दिसतात म्हणून त्या एका जातीच्या होत नाहींत. कुंभाराचा घट आणि अंत्येष्टीचा घट मातीचेच असतात.

संस्कृत शिकविणाऱ्या माणसाला येथें कारकप्रकरण आठवल्याशिवाय राहत नाहीं. ‘आईनें मुलांसाठीं यंत्र घेतलें’ या वाक्यांत कर्ता आई, कर्म यंत्र, संप्रदान मुलें. पाणिनीनें कर्त्याचें लक्षण स्वातंत्र्यावर बसविलें आहे. क्रियेंत जो स्वतंत्र तो कर्ता. घरच्या खरेदींत असा कर्ता बहुधा दाखवितां येतो. आतां ‘वसतिगृहानें यंत्र घेतलें’ हें वाक्य घ्या. कर्ता कोण? पाणी पिणार मुलें. तक्रार करणार रेक्टर. यंत्र योग्य कीं अयोग्य हें सांगणार नळदुरुस्ती पाहणारा अभियंता. ठराव करणार समिति. धनादेशावर सही चिटणिसांची. आणि या सर्वांच्या आधीं, तुमचा कागद आंत जाऊं द्यावयाचा कीं टोपलींत टाकावयाचा हें ठरविणार कार्यालयांतील कारकून. यांत स्वतंत्र असा एकहि नाहीं. अमेरिकेंतील फ्रेडरिक वेब्स्टर आणि योराम विंड या दोन अध्यापकांनीं १९७२ मध्यें संस्थांच्या खरेदीची मीमांसा केली, तींत वापरणारा, मत देणारा, ठरविणारा, प्रत्यक्ष खरेदी करणारा आणि दारावरचा राखणदार अशा पांच भूमिका सांगितल्या आहेत. मला तें वाचतांना शाळेच्या भांडाराचाच भास झाला.

भांडारांत मीं खडू, शाई, बांकें, नकाशे घेतले. साध्या बांकांची गोष्ट सांगतों. बांकें मोडल्याचें शिक्षक सांगत; मी मागणीपत्र करीत असें; तीन ठिकाणचीं दरपत्रकें मागवावीं लागत; तुलनातक्ता करून मुख्याध्यापकांपुढें ठेवावा लागे; मग शालेय समितीची सभा, आणि सभेला गणसंख्या भरली नाहीं तर पुढचा महिना. आषाढांत मोडलेल्या बांकाच्या जागीं नवें बांक यावयास माघ उजाडे. मध्यंतरीं जो विक्रेता रोज फोन करी त्याचा मला कंटाळा येई. जो मागणीपत्राच्या वेळीं माप, लांकडाची जात आणि दर लिहून एक कागद देऊन जाई व सभेची तारीख विचारून ठेवी, त्याचें दरपत्रक आपोआप वरती राही. माझ्या आईच्या काळजीविषयीं त्यानें कधीं अवाक्षर काढलें नाहीं. हें सर्व मला ठाऊक असतांना मीं पुतण्याला असला मजकूर कां लिहून दिला, याचें मला अजून नवल वाटतें. कारखान्याच्या भांडारपालाला हवें असतें तें निराळेंच. तासाला किती लिटर? पाण्यांतील विरघळलेले क्षार किती होते व किती राहतील? पिण्याच्या पाण्याचें आय. एस. १०५०० हें जें भारतीय मानक आहे त्यांत लिटरमागें ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा दिलेली आहे. त्या मर्यादेंत पाणी बसल्याचा प्रयोगशाळेचा कागद आहे काय? वर्षाच्या देखभालीचा करार काय? आणि बिलावर आमचा जी. एस. टी. क्रमांक घालणार ना? कारण नोंदलेल्या कारखान्याला त्या बिलावरील कर पुढें वळता करून घ्यावयाचा असतो. आपल्या घरांत यंत्र घेतांना असला प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

पेढ्यांची माहिती जमविण्याचा धंदा आजकालचा नाहीं. १८३७ सालीं अमेरिकेंत मोठी व्यापारी मंदी आली आणि न्यूयॉर्क येथील टॅपन बंधूंची रेशमाची पेढी बुडाली. उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला देऊं नये हें कळावयास कांहीं साधन नाहीं, हा धडा लुइस टॅपन यांनीं घेतला आणि १८४१ मध्यें ‘मर्कंटाईल एजन्सी’ काढली. गांवोगांवचे वकील वगैरे बातमीदार तेथील दुकानदारांविषयीं लिहून पाठवीत. तें मोठमोठ्या वह्यांत उतरून वर्गणीदारांना वाचून दाखवीत. अब्राहम लिंकन हेहि तरुणपणीं अशा बातमीदारांपैकीं एक होते. त्या वह्या आज हार्वर्डच्या व्यापारविद्यालयाच्या ग्रंथालयांत जपून ठेविल्या आहेत. त्याच संस्थेची पुढें १९३३ मध्यें ब्रॅडस्ट्रीट या प्रतिस्पर्धी संस्थेशीं जुळणी होऊन डन अँड ब्रॅडस्ट्रीट झाली, आणि १९६३ पासून ती प्रत्येक पेढीला नऊ आंकडी क्रमांक देऊं लागली. यांत लक्षांत घेण्यासारखें हें कीं, त्या वह्यांतील मूळ प्रश्न ‘या माणसाला काय आवडतें’ हा नव्हता. ‘ही पेढी पैसे देते काय’ हा होता. पेढीची माहिती ती हीच. धंदा कोणता, माणसें किती, उलाढाल किती, कोणत्या खुर्चीवर सध्यां कोण, आणि मागचें देणें वेळेवर फिटलें कीं नाहीं.

घराची माहिती निराळ्या वाटेनें येते. ती एकेका घराची नसून घरांच्या समूहाची असते, आणि समूहाची म्हणूनच खरी असते. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० पासून चालू आहे. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या वर्षाच्या पाहणींत माणशीं मासिक खर्चाची सरासरी ग्रामीण भागांत ३,७७३ रुपये आणि नागरी भागांत ६,४५९ रुपये निघाली. १९९९-२००० मध्यें ग्रामीण घरांच्या खर्चांत अन्नाचा वांटा शेंकडा ५९ व नागरी घरांच्या खर्चांत ४८ होता; २०२२-२३ मध्यें तो अनुक्रमें ४६ आणि ३९ वर आला. ओट्यावरचीं यंत्रें विकणाराला हे आंकडे बहुमोल आहेत, कारण दाणागोटा सोडून दुसऱ्या वस्तूंवर घरें किती खर्च करूं लागलीं हें त्यांवरून दिसतें. पण त्यांवरून आमच्या वहिनी यंदा यंत्र घेतील कीं नाहीं हें कोणासहि सांगतां येणार नाहीं.

घरांची प्रतवारी करण्याची जाहिरातवाल्यांची एक पद्धति २०११ मध्यें निघाली, ती ऐकून वाचकभगिनींना मौज वाटेल. मुख्य कमावत्या माणसाचें शिक्षण आणि अकरा वस्तूंपैकीं घरांत किती आहेत, या दोनच गोष्टींवर घराचा वर्ग ठरतो. वस्तू कोणत्या? विजेची जोडणी, पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत दूरदर्शनसंच, शीतकपाट, धुलाईयंत्र, संगणक, मोटार, वातानुकूलनयंत्र, आणि शेतजमीन. पद्धत सुटसुटीत आहे, पण एकत्र कुटुंबाशीं गांठ पडली कीं अडखळते. आमच्या घरीं कमावते तीन. मुख्य कोण म्हणावें? बंधूंचें निवृत्तिवेतन मोठें, पुतण्याची उमेद मोठी, सूनबाईचा पगार सर्वांत मोठा. शीतकपाट एकच, पण त्यावर अकरा माणसें. आणि निर्णय? तो माझ्या मतें या यादींतील कोणाच्याच हातीं नाहीं. धुलाईयंत्र घ्यावयाचें कीं नाहीं यावर आमच्याकडे दीड वर्ष खल चालला. मागणी सूनबाईची, हरकत वहिनींची, दरांची चौकशी पुतण्याची, पैसे बंधूंचे, आणि जागा माझ्या खोलीबाहेरची. त्यावरून मला पुष्कळदां वाटतें, एकत्र कुटुंब ही घराच्या वेषांतील एक संस्थाच आहे. समिति आहे, ठराव आहेत, गणसंख्येअभावीं तहकूब झालेल्या सभाहि आहेत.

ही तुलना नुसती विनोदाची नाहीं. सरकारी दप्तरांतहि तिला आधार आहे. प्राप्तिकराच्या पॅन क्रमांकाचें चौथें अक्षर पाहा. ‘पी’ असेल तर व्यक्ति, ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ भागीदारी पेढी, ‘टी’ विश्वस्त निधि. आणि ‘एच’ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, ज्याच्या प्रमुखाला कायदाहि ‘कर्ता’च म्हणतो. जुलै २०१७ पासून चालू झालेला जी. एस. टी. क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आंकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचीं दहा अक्षरें म्हणजे तोच पॅन. यास्तव त्या क्रमांकाचें सहावें अक्षर पाहिलें कीं समोरचा माणूस आहे, पेढी आहे कीं कुटुंब आहे, हें क्षणांत कळतें.

पुतण्यानें हीच कसोटी त्या यादीला लावली. बारा हजार नांवांत जी. एस. टी. क्रमांक असलेलीं अवघीं सहाशें चाळीस. शाळा-वसतिगृहांना पुष्कळदां असा क्रमांक नसतो, तेव्हां तीं हातानें वेगळीं काढलीं. उरलेलीं सगळीं घरें. त्यांना ५०० लिटरचें यंत्र विकणें म्हणजे चहाच्या कपाला रहाट बसविणें. सहाशें चाळिसांतहि चारशेंवर ‘पी’चीं निघालीं, म्हणजे एकट्याचीं लहान दुकानें.

आणि खरा गोंधळ आहे तो या ‘पी’च्या ठिकाणीं. एकट्या दुकानदाराचें घर आणि दुकान यांच्यामध्यें भिंत नसते. आमच्या पुतण्याचेंच पाहा. त्याचीहि पेढी ‘पी’चीच. नोंदणीच्या वेळीं त्यानें धंद्याचा पत्ता म्हणून राहतें घर दिलें, आणि फोन म्हणून वहिनींचा, कारण तो कधीं बंद नसतो. जी. एस. टी. च्या संकेतस्थळावर क्रमांक घातला कीं पेढीचें नांव, मालकाचें नांव, नोंदणीची तारीख आणि धंद्याचा मुख्य पत्ता कोणालाहि पाहतां येतो; आमच्या देवघराचा पत्ता असा जगजाहीर झाला. फोन त्यानें आपल्या पाटीवर, पत्रिकेवर, व्यापारी नोंदवह्यांत, जेथें म्हणून रकाना दिसला तेथें लिहिला. तेव्हांपासून दुपारीं वामकुक्षीच्या वेळीं ‘मालक आहेत का? धंद्यासाठीं कर्ज हवें का?’ असे फोन वहिनींना येऊं लागले. ‘मालक निजले आहेत,’ असें त्या सांगत, आणि बंधू खरोखरच निजलेले असत.

२०२३ च्या ऑगस्टमध्यें आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले आणि त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानें ठरविलेली आहे. हा कायदा माणसाच्या माहितीचें रक्षण करतो, कंपनीच्या नव्हे. कारखान्याची उलाढाल किंवा यंत्रांची संख्या ही कोणाची वैयक्तिक माहिती नाहीं. पण त्याच कारखान्याच्या भांडारपालाचें नांव व त्याचा फोन ही मात्र आहे, मग तो फोन त्याला कचेरीच्या कामासाठीं कां दिलेला असेना. ‘आम्ही पेढीला लिहिलें, माणसाला नव्हे,’ ही सबब म्हणून पुरती चालत नाहीं. उलट, जी माहिती आपण होऊन लोकांपुढें ठेविली, किंवा कायद्यानें जी उघड करावयास लावली, ती या कायद्याच्या कक्षेंतून वगळलेली आहे. म्हणजे पाटीवर लिहिलेला फोन आपणच चव्हाट्यावर मांडलेला. फोनच्या नियमांना तर हा भेदच ठाऊक नाहीं. दुकानाला आलेला नकोसा संदेश आणि घराला आलेला, दोहोंवर तक्रार सारखीच चालते. १९०९ या क्रमांकावर कळवून विक्रीचे संदेश बंद करवितां येतात, किंवा बँक, घरजमीन, शिक्षण, आरोग्य अशा विषयवारीनें हवे तेवढेच चालू ठेवतां येतात. वहिनींनीं ‘आरोग्य’ तेवढें ठेविलें आहे.

काळाच्या बाबतींतहि या दोन याद्यांची चाल वेगळी आहे. घराचें पंचांग दसरा-दिवाळीभोंवतीं फिरतें. संस्थेचें ३१ मार्चभोंवतीं. फेब्रुवारींत शिल्लक निधि खर्ची टाकण्याची जी धांवपळ उडते ती भांडार सांभाळलेल्याला सांगावयास नको. घर बदलतें तेंहि सावकाश, मुलें मोठीं होतील तसें, आणि पत्ता पुष्कळदां पिढ्यान्पिढ्या तोच राहतो. पेढींत पत्ता तोच, पण खुर्चीवरचा माणूस बदलतो, बढती मिळते, बदली होते, निवृत्त होतो. माझ्या जागीं भांडारावर आजवर तिघेजण येऊन गेले. यादींत मात्र मीच अढळ. पेढ्यांची यादी विकत घेणारानें पहिला प्रश्न विचारावयाचा तो नांवें किती हा नव्हे. नांवें शेवटचीं केव्हां तपासलीं, हा. आम्हीं तो विचारला नाहीं, आणि त्या इसमानें आपण होऊन सांगितला नाहीं.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. पुतण्यानें धंद्यासाठीं आपल्या स्वतःच्या नांवावर वेगळा फोन घेतला, आणि वहिनींचा क्रमांक पाटीवरून पुसला. यादींतून चाळतां चाळतां आमच्या भोंवतालचीं, खरोखर यंत्र लागेल अशीं साठ ठिकाणें उरलीं. त्यांपैकीं त्रेचाळीस ठिकाणीं तो स्वतः जाऊन आला. वहिनींनीं त्याला जुन्या पद्धतीची लांब वही आंखून दिली. कोण पाणी पिणार, कोण मागणी करणार, कोण तपासणार, कोण मंजूर करणार, पैसे कोण देणार, सभा केव्हां, आणि आपण शेवटचे केव्हां भेटलों. ही आंखणी त्यांची स्वतःची. वेब्स्टर आणि विंड यांचें नांवहि मीं त्यांच्या कानीं घातलें नव्हतें. त्रेचाळिसांपैकीं अकरा ठिकाणीं ‘मंजूर कोण करणार’ हा रकाना अद्याप रिकामा आहे, आणि पुतण्या म्हणतो, ‘काका, तो भरेपर्यंत दर सांगण्यांत अर्थ नाहीं.’ एका मंगल कार्यालयानें यंत्र घेतलें. एका वसतिगृहाचा ठराव पुढच्या सभेवर गेला आहे. तो पुन्हां पुढें जाईल असें मला दिसतें, पण मीं तें त्याला सांगितलेलें नाहीं. वहिनींच्या अडतीस हजारांपैकीं अकरा हजार परत फिटले आहेत. त्या तगादा लावीत नाहींत. वही मात्र दर शनिवारीं पाहतात.

मजकूर लिहिण्याचें काम माझ्याकडून काढून घेण्यांत आलें आहे. आतां एका पानावर आंकडेच असतात, आणि खालीं प्रयोगशाळेचा कागद जोडलेला. शुद्धलेखन तेवढें मी तपासतों.

काल दुपारीं माझ्या फोनवर एका मुलीचा आवाज आला. शाळेच्या खडूंची खरेदी मीच पाहतों ना, असें तिनें विचारलें. मीं तिला मी निवृत्त झाल्याचें सांगितलें, शाळेच्या कार्यालयाचा पत्ता दिला, आणि आपल्या यादींतून माझें नांव काढावें अशी विनंती केली. ती क्षणभर थांबली आणि मोठ्या अदबीनें म्हणाली, ‘बरं सर, मग आपल्याला घरीं खडू लागतात का?’